नदीच्या वळणाची दोन चित्रं

मी चित्रकलेचा मास्तर. अलिबागच्या शाळेत मुलांकडून फुलदाण्या आणि वेलबुट्ट्या काढून घेणं हा माझा पोटाचा उद्योग, आणि सुट्टीच्या दिवशी नागावच्या आमच्या वाडीत बसून पाण्याच्या रंगांत देखावे काढणं हा माझा षोक. माझे देखावे इकडच्या बऱ्याच घरांत आहेत. माड, खाडी, शिडाची होडी, मागे डोंगराची निळी रेघ. लोक पाहतात, छान म्हणतात आणि विसरतात. त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण माझ्या हातून अशी दोन चित्रं झाली, की ती पाहून एका बाईला आपल्या नवऱ्याचं काय झालं ते ठरवावं लागलं. ती काढली हे बरं केलं की वाईट, ते मला अजून कळलेलं नाही.

आमच्या वाडीच्या दक्षिणेच्या कुंपणापलीकडे एक लहान कौलारू घर आहे. त्या घरातला थोरला मुलगा माझ्याच वयाचा. आम्ही दोघं एकत्र पोहायला शिकलो. म्हणजे तो शिकला, आणि मी त्याच्या खांद्याला धरून तरंगायला शिकलो. पुढे मी चित्रकला शिकायला मुंबईला गेलो आणि तो रेवदंड्याच्या एका मचव्यावर खलाशी झाला. जर्मनची लढाई सुरू झाल्यावर बसऱ्याकडच्या नदीत चालणाऱ्या आगबोटींवर माणसं हवी होती. पाण्यात वाढलेली आमच्या किनाऱ्यावरची बरीच पोरं गेली. तोही गेला. त्याचं लग्न झालेलं होतं, मुलगी तेव्हा पाळण्यात होती.

बसऱ्याला मीही गेलो, पण निराळ्या वाटेनं. मोजणीच्या लोकांनी आणलेल्या आकड्यांवरून नकाशे काढायचे, त्यांवर शाई फिरवायची, असं माझं काम होतं. बहुतेक दिवस तंबूत मेजावर वाकून गेले. आम्ही दोघं एकाच नदीच्या काठी होतो, तरी भेट एकदाही झाली नाही. त्याची आगबोट वरच्या अंगाला एका वळणावर गाळात रुतली आणि तिच्यावर तोफा सुरू झाल्या. काही खलाशांनी पाण्यात उड्या मारल्या, काही काठावर उतरून पळाले. सापडले ते परत आले. मेलेल्यांची नावं कळवली गेली. तो यातही नव्हता आणि त्यातही नव्हता. सरकारातून घरी शब्द आला तो ‘बेपत्ता’ असा.

हे वळण कुठलं, ते मला त्याच बोटीवरच्या रेवदंड्याच्या एका खलाशानं बसऱ्यात सांगितलं. पुढे दोनेक महिन्यांनी त्या काठाची मोजणी करायला टोळी निघाली, तेव्हा मीही तिच्याबरोबर गेलो. म्हणजे ती जागा मी या डोळ्यांनी पाहिलेली होती. परत आल्यावर हे त्याच्या बायकोला सांगायला हवं होतं. पण सांगणार काय? प्रेत पाहिलं नव्हतं, खूण पाहिली नव्हती. आज सांगू, उद्या सांगू करता करता वर्षं गेली. कुंपणापलीकडून ती हाक मारी, “मास्तर, तुमचा नारळ पडलाय आमच्या आंगनात,” आणि मी “ठेवा तुम्हालाच, वहिनी,” म्हणून मोकळा होई. नारळ देणं सोपं होतं.

अशी बारा वर्षं भरली. माणूस परागंदा झाला आणि बारा वर्षांत त्याची वार्ता आली नाही, तर तो गेला असं धरायचं, ही आपल्याकडची रीत. मग पालाशविधी करतात. दर्भाचा माणूस करायचा, त्यावर पळसाची पानं गुंडाळायची, डोक्याच्या जागी नारळ ठेवायचा आणि प्रेताला देतात तसा त्याला अग्नी द्यायचा. त्यानंतर बायकोनं कुंकू पुसायचं.

मुलगी लग्नाला आली होती. दिघीचं एक स्थळ सांगून आलं होतं, आणि मुलगी त्या लोकांच्या मनात भरली होती. त्यांनी एवढंच विचारलं, की मुलीचा बाप आहे की नाही? असेल तर तो कन्यादानाला का बसत नाही, आणि नसेल तर आईच्या कपाळावर कुंकू कसं? यांत त्यांचं चुकलं असं मला वाटत नाही. त्यांनाही चार लोकांना तोंड द्यायचं होतं. काय ते एक ठरवा, दिवाळीपर्यंत थांबतो, असं सांगून ते गेले. वहिनींच्या धाकट्या दिरानं मुलीला पोटच्या पोरीसारखी वाढवली होती. त्यानं भटजींना विचारलं आणि घरी येऊन सांगितलं, की विधी करून टाकू. वहिनींनी मान हलवली. ते गेले ती जागा पाहिल्याशिवाय नाही म्हणाल्या.

दसऱ्याच्या आधी एका दुपारी त्या आमच्या ओटीच्या पायरीवर येऊन बसल्या. माझी बायको आतून पाणी घेऊन आली. त्यांनी तांब्या हातात घेतला, पण पाणी प्यायल्या नाहीत.

“मास्तर, तुमी तिकडं व्हतात ना?”

होतो म्हणालो. मग आजवर मनात ठेवलेलं सांगितलं. त्या वळणावर मी गेलो होतो, उभा राहिलो होतो. त्या रागावतील असं वाटलं होतं. त्यांनी फक्त तांब्या खाली ठेवला.

“समदे सांगत्यात, ते गेले. कुटं गेले ते कुनी सांगत न्हाय. कागुद हाय घरात, पन कागुद म्हंजे जागा व्हय? तुमी चित्रं काढता. मला ती जागा काढून दाखवा. मंग काय ते मी ठरवीन.”

मी हो म्हणालो. खरं सांगायचं तर मला बरंच वाटलं. इतक्या वर्षांचं एक ओझं कागदावर उतरवून देता येईल, असं वाटलं.

पाण्याच्या रंगांचं काम हवेवर चालतं. तिकडे बसऱ्याला रंग इतक्या लवकर सुके, की ब्रश उचलायच्या आत कडा पडे. आमच्याकडे आश्विनातही कागदाला ओल असते. रंग लावला की तो पसरतो, शेजारच्या रंगात मिसळतो आणि कडा विरघळतात. तिकडची भाजलेली माती मी काढायला बसलो आणि ती कागदावर भाताच्या खाचरासारखी मऊ होऊन बसली. दोन कागद फाडले. मग मी नदीकडे तोंड करून उभा आहे असं धरलं. सकाळची वेळ, पाण्याचं रुंद वळण, पलीकडच्या काठावर खजुरांची रांग, एक मातीचं घर, त्यातून वर चढणारा धूर. हे सगळं तिथे होतं. मी एकही गोष्ट पदरची घातली नाही. ओल्या हवेनं पाणी छान उतरलं. खजुरांच्या झावळ्या तर माझा हात आपोआप काढत गेला. जन्मभर माडच काढत आलो होतो.

चित्र घेऊन मी त्यांच्या घरी गेलो. दीर बाहेर होता. वहिनींनी हात पुसले आणि कागद धरून दारातल्या उजेडात नेला.

“ही माडं?”

“खजुराची झाडं आहेत.”

“माडासारकीच हायती.” बोट कागदाला न लावता त्यांनी नदीवरून फिरवलं. “पानी गोडं?”

“गोडं.”

“हितं धूर निगतोय. म्हंजे चूल हाय.”

त्या हसल्या. पुष्कळ वर्षांत मी त्यांना तसं हसताना पाहिलं नव्हतं.

“मंग ते हायत,” त्या म्हणाल्या. “अशा जागी मानूस मरंल कशाला?”

मी काहीतरी सांगू लागलो. ही पलीकडची बाजू आहे, लढाई अलीकडे झाली, असं काहीसं. पण चित्रात लढाई कुठेच नव्हती, आणि माझ्या बोलण्यापेक्षा चित्राचा आवाज मोठा होता. त्यांनी भाताच्या पेजेनं तो कागद देवाच्या फळीशेजारी भिंतीला चिकटवला. मुलीनं येऊन चित्र पाहिलं. मग ती आईच्या तोंडाकडे पाहत राहिली.

चार दिवसांत गावभर झालं. विहिरीवर बायका त्यांची चेष्टा करू लागल्या, की नवऱ्यानं बसऱ्यात दुसरा संसार थाटला असेल, बीबी केली असेल. माझी बायको तिथे होती. तिनं मला सांगितलं, वहिनी घागर डोक्यावर घेता घेता म्हणाल्या, “थाटू दे की. जेवत तर असंल.”

त्या संध्याकाळी दीर आला. ओटीवर न चढता अंगणातच उभा राहिला.

“मास्तर, तुमाला लढाई काढायला सांगितली, तुमी नागाव काढलंत.”

मी म्हणालो, तिथे तसंच दिसत होतं.

“दिसत आसंल. माझ्या भावाला मारलं ते काय खजुरांनी?” मग आवाज खाली आणून म्हणाला, “दिवाळी काय लांब न्हाय. दिघीवाले गेले तर पोरीला परत असं घर मिळायचं न्हाय. वयनी आता म्हनतेय, बाप जित्ता हाय, तो येईस्तवर लगीन न्हाय. एक चित्र वाईट काढा, मास्तर. तुमचा हात वळतोय की.”

मी काढीन म्हणालो नाही. पण तो गेल्यावर ओटीवरच बसून राहिलो. तो खोटं काही मागत नव्हता. त्याच वळणावर, त्याच जागी मी नुसता मागे वळलो असतो, तर मला काय दिसलं असतं हे मला पक्कं आठवत होतं. पहिलं चित्र काढताना मी तिकडे वळलो नव्हतो. त्याला ओल्या हवेचं कारण होतं, आणि दुसरंही होतं. मला ते काढायचं नव्हतं.

या वेळी मी स्वयंपाकघरात चुलीशेजारी बसलो. पत्र्याच्या ताटात निखारे घेतले आणि कागद वरचेवर त्यावर धरला. रंग लावला की शेकला, लावला की शेकला. मग कडा पडू लागल्या. मातीचा तपकिरी रंग तडकला. खणलेल्या चरांच्या रेघा, वेडीवाकडी तार, तोफेनं शेंडे उडालेले खजुरांचे नुसते बुंधे, खड्ड्यांत साचलेलं काळं पाणी, अर्धं जळालेलं गाडीचं चाक. त्या जमिनीवर खारवट पांढरा थर येतो. तो काही केल्या साधेना. शेवटी बायकोच्या बरणीतलं खडेमीठ चिमटीत घेऊन ओल्या रंगावर भुरभुरलं. मिठानं रंग ओढून घेतला आणि सुकल्यावर कागदावर अगदी तसाच खवलेदार पांढुरका डाग उठला. मी इतका खूश झालो, की बायकोला हाक मारून दाखवलं. ती पाहून म्हणाली, हे त्यांना दाखवणार? मी ब्रश खाली ठेवला. माझा लहानपणचा सोबती जिथे नाहीसा झाला ती माती काढताना मिठाचा डाग चांगला उठला म्हणून मी खूश झालो होतो. जागा पाहूनही बारा वर्षं गप्प राहिलो, त्यापेक्षा हे मला अधिक लागलं, आणि अजून लागतं.

दुसऱ्या दिवशी चित्र घेऊन गेलो तेव्हा दीर घरी होता. वहिनींनी नव्या कागदाकडे पाहिलं आणि विचारलं, “ही कुठली जागा?”

“तीच.”

“तीच कशी व्हईल?”

मी सांगू लागलो, की माणूस एका जागी उभा राहून पुढे पाहतो आणि मग मागे वळून पाहतो. त्यांनी मला थांबवलं. भिंतीवरचं चित्र नखानं हलकेच सोडवून आणलं आणि सारवलेल्या जमिनीवर ठेवलं. थोड्या अंतरावर दुसरं ठेवलं. मग त्या स्वतः दोहोंच्या मध्ये जाऊन उभ्या राहिल्या. एकदा नदीकडे पाहिलं, मग वळल्या आणि जळालेल्या जमिनीकडे पाहिलं. परत वळल्या. नवऱ्याच्या जागी त्या उभ्या आहेत असं मला वाटलं, आणि मी खाली पाहू लागलो.

“ते कुठल्या अंगाला व्हते?”

दीर माझ्याकडे पाहत होता. त्याला काय हवं होतं ते त्याच्या डोळ्यांत उघड होतं, आणि ते वाईट नव्हतं. बोट करून ‘या अंगाला’ म्हणालो असतो तर तिथेच सगळं मिटलं असतं. मुलीचं लग्न झालं असतं, आणि मला कुणी खोटा म्हटलं नसतं. कदाचित ते खरंही असतं.

“मला ठाऊक नाही, वहिनी,” मी म्हणालो. “मी दोन महिन्यांनी तिथं गेलो. तोवर तिथं कुणीच नव्हतं.”

दिरानं तोंडानं ‘च्च’ केलं आणि तोंड फिरवलं. वहिनी तशाच उभ्या होत्या.

“बोट अडाकल्यावर काय लोक पान्यात गेले, काय काठावर गेले. असंच ना?”

“हो.”

“पान्यात गेलेले आले?”

“पुष्कळसे आले. थोडे खाली वाहत गेले, ते पुढे सापडले.”

त्या खाली बसल्या. नदीचं चित्र उचललं, पाहिलं, आणि उलटं करून बाजूला ठेवलं.

“मंग ते पान्यात न्हाय गेले,” त्या म्हणाल्या. त्यांचा आवाज नेहमीसारखाच होता. “पान्यात गेले असते तर आले असते. हितं खाडीच्या तोंडाला मचवा उलाटला तवा ते दोन मानसं घिऊन आले व्हते, भर वादळात. पानी त्यांना ठेवनारं न्हवतं. काठावर कुनीतरी पडलं आसंल. त्याला आनायला गेले आसतील.”

दीर काहीतरी बोलायला गेला. पण त्यांनी त्याच्याकडे पाहिलं नाही. दुसऱ्या चित्राकडे पाहत म्हणाल्या, “भावोजी, भटजींस्नी सांगा.”

विधी खाडीच्या तोंडाशी झाला. डोक्याच्या जागी नारळ लागतो, तो आमच्या वाडीतला दिला. भटजींनी संकल्पात म्हणायला त्या देशाचं आणि नदीचं नाव मला विचारलं, आणि मी ते सांगितलं. दिरानं अग्नी दिला. दर्भ लगेच पेटला, पळसाच्या हिरव्या पानांचा मात्र फार धूर झाला, आणि वारं पाण्याकडून असल्यानं तो आम्हा सगळ्यांच्या डोळ्यांत गेला. त्यामुळे कोण रडलं आणि कोण नाही ते कळलं नाही.

लग्न मार्गशीर्षात झालं. दिघीचे लोक होडीतून वाजतगाजत आले. मांडवात दीर आणि त्याची बायको कन्यादानाला बसली. वहिनी आत होत्या. विधवेनं मंगलकार्यात पुढे यायचं नाही. मुलगी सारखी आतल्या दाराकडे पाहत होती, आणि तिची चुलती तिची मान हळूच पुढे वळवत होती. मी ते पाहिलं आणि मला बसवेना. दोन महिन्यांपूर्वी, ते पहिलं चित्र भिंतीवर होतं तेव्हा, या बाईच्या कपाळावर कुंकू होतं. तसं असतं तर ती मांडवात असती, हे म्हणणंही खरं नाही, कारण मग मांडवच पडला नसता. हे मी स्वतःला पुष्कळदा समजावलं आहे. दीर आजही भेटला की म्हणतो, मास्तर, तुम्ही होता म्हणून निभावलं. मी मान हलवतो. दोन्ही चित्रं खरी होती. पण कुठलं आधी दाखवायचं आणि कुठलं मागून, ते माझ्या हातात होतं. पहिल्यानं मी एका बाईला नवरा परत दिला आणि दुसऱ्यानं काढून घेतला. आधीच दोन्ही एकत्र ठेवली असती, तर निदान ते मधले दिवस तिच्या वाट्याला आले नसते. की ते दिवस आले तेच बरं झालं? विहिरीवर ‘जेवत तर असंल’ म्हणणाऱ्या बाईचा चेहरा माझी बायको अजून आठवते.

पंगती बसू लागल्या तेव्हा मी घराला वळसा घालून मागच्या दाराशी गेलो. वहिनी एकट्याच पत्रावळींचे गठ्ठे सोडत होत्या. मला पाहून उठल्या. मी पहिल्यांदाच त्यांच्या कपाळाकडे पाहिलं. कुंकू नव्हतं, पण ते जिथे असे तिथे हिरवं गोंदण होतं. लहानपणी कधीतरी गोंदवलेला बारीक ठिपका. इतकी वर्षं तो कुंकवाखाली झाकलेला होता. मी चित्रकार, आणि मला तो कधी दिसला नव्हता.

आधी त्याच बोलल्या.

“मास्तर, त्या तिकडं पाऊस पडतो?”

“पडतो. थोडा. हिवाळ्यात.”

“मंग आता तिथं गवात आलं आसंल.”

लढाई संपल्यानंतरचा त्या काठावरचा एकही पाऊस मी पाहिलेला नव्हता.

“आलं असेल,” मी म्हणालो.

त्यांनी मान हलवली, पत्रावळींचा एक गठ्ठा माझ्या हातात दिला आणि म्हणाल्या, “ह्या तेवढ्या पुढं द्या. मानसं खोळंबली हायत.”